बाण समुद्राकडे

"पाणी जात नाहीये गं," बाबा बाथरूममधून म्हणाले.

आणि तेही आजच. आठवड्याचे बाकीचे वार काय ओस पडले होते, की पाण्याला तुंबायला नेमका रविवारच सापडला? रविवारी दादा येणार होता. तो येण्याआधी आम्ही राहतो ती बोट लख्ख हवी, बाबा आंघोळ-दाढी करून इस्त्रीच्या शर्टात खुर्चीवर बसलेले हवेत, असं माझं सगळं ठरलेलं. माझं ठरवलेलं आजवर कधी सरळ पार पडलंय म्हणा.

दार लोटलं. बाबा टॉवेल गुंडाळून उभे, खांद्यावर साबणाचा फेस, आणि शॉवरच्या ट्रेमध्ये घोटाभर राखाडी पाणी. खालून पंपाचा आवाज येत होता. नुसता आवाज, काम शून्य. आमच्या दादासारखं.

"पंप फिरतोय," बाबा म्हणाले. "म्हणजे विजेचा दोष नाही. पुढे बघ."

हे असं आहे. जेवण झालं की नाही हे जो माणूस हात वाळायच्या आत पुन्हा विचारतो, त्याला पंपाचं विचारा, घडाघडा सांगेल. जन्मभर बोटींच्या कारखान्यात पंप आणि नळ्या दुरुस्त केल्या त्यांनी. अख्खा धक्का त्यांना वस्ताद म्हणतो. मी त्याच धक्क्यावर बोटींची कव्हरं आणि गाद्या शिवते, आणि मला वस्तादांची मुलगी म्हणतात. माझं स्वतःचं नाव लोक विसरलेत, पण त्याचं मला वाईट वाटत नाही.

ओल्या टॉवेलने आधी बाबांचा साबण पुसून काढला, त्यांना कपडे दिले आणि पायाखालच्या फळ्या उचलायला बसले.

जमिनीवरच्या घरात न्हाणीचं पाणी आपोआप जातं, त्याचं कोणाला काही कौतुक नसतं. बोटीत शॉवरची जमीन बाहेरच्या समुद्राच्या पातळीखाली असते. पाणी सोडायला आणखी खाली जागाच नाही. म्हणून ते फळ्यांखालच्या एका डब्यात पडतं. डबा भरला की त्यातला तरंगणारा फ्लोट उचलला जातो, पंप सुरू होतो आणि पाणी नळीतून वर चढवून बोटीच्या अंगाला पाडलेल्या भोकातून बाहेर टाकतो. नळीत मध्येच एक झडप असते, पाण्याला बाहेर जाऊ देणारी आणि आत न येऊ देणारी. झडपेवर बाण कोरलेला असतो. बाण ज्या दिशेला, पाणी त्या दिशेला.

"बाण समुद्राकडे," बाबा कारखान्यात नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे. बाकी काही विसरलास तर चालेल, हे विसरू नकोस. झडप उलटी बसवली तर माणूस त्याच दिवशी घरी. रडला, पाया पडला, तरी घरी. मीही लहानपणी हे तीन शब्द ऐकत बाहुलीच्या आंघोळीला नळ्या जोडल्या आहेत.

डबा काठोकाठ भरलेला होता. जाळी काढली तर केसांचा बोळा निघाला. केस माझेच. बाबांच्या डोक्यावर आता काही राहिलेलं नाही, त्यामुळे आळ घ्यायला घरात मी एकटीच. जाळी धुऊन बसवली. पाणी ढिम्म. मग मगाने सगळा डबा बादल्यांत उपसला. फ्लोट बोटाने उचलला, पंप सुरू. सोडला, बंद. पंपाकडची नळी सोडवली, डब्यात मगभर पाणी ओतून पुन्हा फ्लोट उचलला, तर त्या घाणेरड्या पाण्याची पिचकारी सरळ माझ्या तोंडावर.

"पंप चांगला आहे," बाबा खुर्चीवरून म्हणाले.

"कळलं," मी तोंड पुसत म्हटलं.

"चिडू नकोस. नळीत फुंकून बघ."

फुंकलं. गाल फुगून डोळ्यांत पाणी आलं, पण हवा पुढे जाईना. मग नळीचा तुकडा घेऊन बाहेर गेले, धक्क्यावर पोटावर पडले आणि भोकातून आत फुंकलं. बाबांना आत नळीच्या टोकाशी हात धरायला सांगितलं होतं.

"हवा येतेय," ते आतून म्हणाले. "छान येतेय."

तेवढ्यात खाडीतून प्रवासी बोट गेली, तिच्या लाटेने पाणी उचललं आणि माझ्या डोळ्यांदेखत बचकभर समुद्र त्या भोकात शिरला. आमची आंघोळ बाहेर जात नव्हती आणि समुद्र आत येत होता. बाबांच्या एका आंघोळीने डबा काठोकाठ कसा भरला होता ते तेव्हा कळलं.

मी आत आले. बाबा ओला हात बघत बसले होते.

"बाहेरून हवा येते, आतून जात नाही," ते म्हणाले. "झडप उलटी आहे. कोणत्या गाढवाने बसवली गं ही?"

मला कोणी गाढव ठाऊक नव्हतं. आमच्या बोटीत हात घालायची कोणाची टाप नाही. वॉशबेसिनखालचं कपाट उघडलं, बॅटरी मारली आणि तशीच उकिडवी बसून राहिले.

झडप नवीकोरी पांढरी होती. नळी काटकोनात कापलेली, कुठे धागासुद्धा सुटलेला नाही. नळी आवळणाऱ्या क्लॅम्पचे स्क्रू वरच्या बाजूला, उद्या कोणाला सोडवायचे झाले तर हात पोचावा म्हणून. आणि बाणावर लाल रंगाचा ठिपका. असं काम या धक्क्यावर एकच माणूस करतो. जुनी झडप शेजारीच कागदात गुंडाळून ठेवलेली होती, कारण तो माणूस काही फेकत नाही. मी दुकानात शिवत असताना कधीतरी एकट्याने बसून त्यांनी हे केलं होतं, आणि केल्याचं विसरले होते. इतकं देखणं काम मी बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं. फक्त उलटं होतं.

का उलटं, तेही समोरच दिसत होतं. कपाटापाशी बसलं की पलीकडच्या गोल खिडकीतून समुद्र दिसतो. यंदा बंदराच्या ऑफिसने धक्का वाढवला आणि सगळ्या बोटींच्या जागा बदलल्या. आमची बोट फिरवून लावली. इतकी वर्षं डाव्या अंगाला समुद्र असायचा, भोकही त्याच अंगाला. आता डावं अंग धक्क्याला टेकलंय आणि समुद्र उजवीकडे गेलाय. बाबांनी खिडकीतून समुद्र बघितला आणि बाण समुद्राकडे केला. जन्मभर जे सांगितलं तेच केलं.

मला रडू आलं नाही, संताप आला. ऑफिसचा, धक्क्याचा, त्या खिडकीचा. कारण या जागा बदलण्याचं आम्हाला आधीच एकदा भोवलं होतं. मागच्या महिन्यात बाबा फिरून परत आले ते जुन्या जागेवर, आणि तिथे लागलेल्या परक्या बोटीत शिरून त्या लोकांच्या बिछान्यावर गाढ झोपले. त्या लोकांनी बाबांच्या खिशातला नंबर लावला, आणि खिशात नंबर दादाचा. आलाच तो धावत. बाबांना काही बोलला नाही, मला धक्क्यावर बाजूला घेतलं.

"आणखी एक काही झालं ना, तर मी त्यांना घेऊन जाणार. मग तुझं काही ऐकणार नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे खोली तयार आहे."

खोली तयार आहे, हे खरं. चौथ्या मजल्यावर, खिडकीला जाळी, खाली रस्ता. बाबांनी त्याच रात्री, अगदी शुद्धीवर असताना, माझा हात धरला होता. "मला जमिनीवर नेऊ देऊ नकोस. तिथे पलंग हलत नाही, मला झोप लागत नाही." मी शब्द दिला होता. आयुष्यात मी फार कोणाला शब्द दिलेले नाहीत.

तेव्हा आता एकच करायचं होतं. दादा यायच्या आत झडप काढायची, फिरवायची, फळ्या लावायच्या आणि मूग गिळून गप्प बसायचं. पंपाकडची नळी परत जोडली, झडपेचे क्लॅम्प सोडवले. झडप हातात घेतली, आणि बोट एका अंगाला कलली. बोटीवर राहणाऱ्याला पावलाच्या वजनावरून माणूस कळतो. दादा आला होता, सांगितलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी. मला पकडायलाच आला असणार.

"हे काय चाललंय?" तो बाथरूमच्या दारात उभा. फळ्या उचकटलेल्या, राखाडी पाण्याच्या बादल्या, आणि मी तोंडाला काळं लागलेली.

"काही नाही. झडप उलटी लागली होती. सरळ करतेय."

दादाला पंपातलं ओ की ठो कळत नाही, पण तो एका मोठ्या कंपनीत कामगारांच्या सुरक्षेचा साहेब आहे. उलटं म्हटल्यावर त्याचे कान टवकारले.

"उलटी म्हणजे? बाहेरचं पाणी आत?"

"थोडंसं."

"थोडंसं? बोट आहे ही. दोघं झोपेत बुडाला असता. कोणी बसवली?"

बाबा त्याच्या मागे येऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, बटणं एक घर चुकलेली. "तेच मी विचारतोय मघापासून," ते म्हणाले. "कोणत्या गाढवाने बसवली?"

दोघं माझ्याकडे बघत होते. बाबांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं, नुसती चौकशी. मला वाटलं, दादा चार शब्द बोलेल. बोलू दे. त्याच्या जिभेला हाड नाही हे मला काही आजच कळत नाहीये. चार शब्दांत बाबा इथे राहणार असतील तर सौदा चांगला आहे.

"मी," मी म्हटलं. "मी बसवली."

दादा बोलायला लागायच्या आधी बाबाच बोलले. "तू?" आणि ते बाकाच्या कडेवर बसले. "तू बसवलीस?"

"चुकून, बाबा."

"चुकून काय? तुला मी शिकवलंय. परक्यांची पोरं मी या एका चुकीसाठी घरी पाठवली. त्यांच्या बायका माझ्या दारात येऊन रडल्या. आणि माझ्याच घरात, माझीच मुलगी."

माझ्या तोंडात कोणीतरी मारावी तसं झालं. दादाच्या चार शब्दांची तयारी केली होती, बाबांच्या नव्हती.

दादाने मग सुरू केलं. दिवसभर तू दुकानात, बाबा एकटे, घरी येतेस ते डोकं तापवून, त्यात ही असली कामं. धोका हा शब्द त्याने इतक्यांदा वापरला की मला त्याचा अर्थच लागेना. उंटावरून शेळ्या हाकायला याला रविवारचा वेळ आहे, इतर दिवशी फोन उचलायला नाही. मी मान खाली घालून झडप फिरवून बसवली, बाण धक्क्याकडे, भोकाकडे, आणि क्लॅम्प आवळायला घेतले.

बाबा वाकले. बॅटरी घेतली. बाण बघितला.

"परत तेच," ते हळू आवाजात म्हणाले. "अगं, परत तेच करतेयस. समुद्र कुठे आहे? बोट कर."

मी खिडकीकडे बोट केलं. दुसरं काय करणार?

"मग बाण कुठे आहे?"

"बाबा, आपली बोट फिरवून लावलीय ना यंदा. भोक आता या बाजूला..."

"बोट फिरवली?" बाबांनी खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत खिडकीकडे. त्यांच्या डोळ्यांत ती भीती आली, परक्या बिछान्यावरून उठवलं तेव्हा आलेली. "कोणी फिरवली? कधी?"

दादाने मान वर केली. मला तो चेहरा माहीत आहे. तो हिशोब जुळवायला लागला होता.

"नाही, बाबा," मी म्हटलं. "काहीतरीच बोलले मी. माझंच चुकलं."

"आण तो स्क्रूड्रायव्हर."

मी दिला. चहाचा कप धरताना थरथरणारे त्यांचे हात स्क्रूड्रायव्हर हातात येताच शांत झाले. क्लॅम्प सोडवले, नळी न ओढता नुसती पिळून मोकळी केली, झडप काढली, फिरवली, बसवली, स्क्रू वरच्या बाजूला. बाण समुद्राकडे. दादा त्यांच्या शेजारी गुडघ्यावर बसून बघत होता, लहान असताना बघायचा तसा. मलासुद्धा क्षणभर सगळं विसरून नुसतं बघत बसावंसं वाटलं.

"रंग लावलास बाणावर," बाबा म्हणाले. त्यांचा राग थोडा उतरला होता. "तेवढं तरी शिकलीस माझ्याकडून."

"हो, बाबा."

"ओत पाणी."

दादाने मगभर पाणी ट्रेमध्ये ओतलं. पाणी गोल फिरलं आणि जाळीतून दिसेनासं झालं. जाणारच. डबा मी नुकताच कोरडा उपसलेला, त्यात मगभर पाण्याने काय होतंय? फ्लोट उचलला जायला बादलीभर लागतं.

"गेलं," दादा म्हणाला आणि हसला. मनापासून हसला. "बघ. आणि तू मला सांगतेस की त्यांना काळजी घेणारं कोणी हवं. त्यांचं डोकं तुझ्यापेक्षा ठिकाणावर आहे."

मी असं त्याला कधीच सांगितलं नव्हतं. तोच मला सांगायचा.

बाबांनी हात पुसले, घडी घालून फडकं ठेवलं. "मी येतो तुझ्याकडे," ते दादाला म्हणाले. "हिच्या भरवशावर मी इथे राहणार नाही. आज झडप उलटी, उद्या बोट बुडवेल."

असं झालं. कोणी ओढून नेत नव्हतं, कोणी फसवत नव्हतं. ते आपणहून म्हणाले, सगळ्यांसमोर, ठणठणीत आवाजात.

माझ्या पायाशी भरलेली बादली होती. उचलली मी ती. ट्रेमध्ये ओतली असती तर डबा भरला असता, पंप घूं घूं करत राहिला असता आणि पाणी वर येऊन बाबांच्या पावलांवरून वाहिलं असतं. दादाला कळलं असतं की मी चुकले नव्हते. बाबांनाही कळलं असतं. आणि बाबा तरीही दादाकडेच गेले असते, फक्त मान खाली घालून. खरं बोलले तरी मी त्यांना गमावणार होते आणि खोटं बोलले तरी. मला स्वतःची भयंकर कीव आली, आणि कीव आली की मला राग येतो. मी बादली खाली ठेवली.

"त्यांची निळी चादर घे," मी दादाला म्हटलं. "दुसरी टोचते त्यांना. आणि शर्टाची बटणं नीट लाव."

सामान काय, एक बॅग झाली. हत्यारांची पेटी बाबांनी स्वतः उचलली. चौथ्या मजल्यावर ती कशाला लागणार, हे दादाच्या तोंडावर आलं होतं, पण मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. धक्क्यावर टाकलेल्या फळीवरून उतरताना बाबा थांबले. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलतील. हात धरून सांगितलेलं त्यांना आठवेल.

"कपाट उघडं ठेव जरा," ते म्हणाले. "ओल धरते."

ते उतरले तशी बोट थोडी वर आली. त्यांचं वजन तेवढंच होतं.

मी फळ्या लावल्या. अंगाला, केसांना त्या डब्याचा वास येत होता, म्हणून शॉवर सोडला. झडप आधी फिरवायला हवी होती, कळत होतं मला. स्क्रूड्रायव्हर बेसिनवरच होता. पण त्यांनी लावलेले स्क्रू लगेच सोडवायला हात होईना. खाली डबा भरला, फ्लोट उचलला, पंप फिरायला लागला. पाणी जाळीतून वर आलं, आधी बोटांवर, मग पावलांवर. मी तशीच उभी राहिले. राग कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं. दादावर काढावा तर तो वडिलांना घरी नेत होता, त्यात गुन्हा काय?

बेसिनवरचा फोन वाजला. पाणी बंद करून ओल्या हाताने उचलला.

"पोचलो आम्ही," दादा म्हणाला. "बाबांना तुझ्याशी बोलायचंय. वाटभर एकच विचारतायत."

मग बाबांचा श्वास ऐकू आला, फोन तोंडाच्या फार जवळ धरल्यासारखा. "काय गं," ते म्हणाले. राग पार गेला होता, किंवा कशाचा राग होता ते गेलं होतं. "पाणी जातंय ना आता?"

"जातंय, बाबा," मी म्हटलं. पाणी घोट्याच्या वर आलं होतं.